रुळाचा तुकडा

घंटा म्हणजे आमच्याकडे रुळाचा तुकडा,
चोपड्याच्या भंगारातून आणलेला,
कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला.
दोधू शिपाई त्यावर पहार मारतो
तेव्हा आवाज अनेरच्या पलीकडे जातो.

त्या सोमवारी केळीच्या टेम्पोतून नऊ मुलं उतरली.
सातपुड्याच्या पलीकडची.
तिथं वनजमिनीवरून दोन पाडे भांडले
आणि सकाळपर्यंत एक पाडा उरला.
सदऱ्यांवर केळीचे डाग.
केळीचा डाग धुऊन जात नाही,
इथल्या कुठल्याही आईला विचारा.

मी हेडमास्तर. मी पहिल्यांदा विचारलं ते असं:
दाखला आहे का?
हे मुद्दाम लिहून ठेवतो,
कारण नंतरचं सगळं लोक माझ्या नावावर जमा करतात.

दाखला नव्हता.
रेतलीच्या कडेवर भाऊ होता
आणि मुठीत शेळीच्या गळ्यातलं घुंगरू, शेळीशिवाय.
खिचडी ढवळता ढवळता विमलमावशी म्हणाली,
"पोट काय दाखला मांगस का, मास्तर?"
आणि नऊ ताटल्या मांडल्या.

कागद नसला तरी मूल परत पाठवायचं नाही,
हा कायदा मला प्रशिक्षणात चहाबरोबर मिळाला होता.
मावशीला कुणी शिकवला नव्हता.

मग नोंदवही. जन्म कधीचा?
रेतली बोटं मोजते: आठ भोंगऱ्या बघितले,
नववा होळीआधी येणार होता.
मी लिहिलं, वय आठ.
'पूर्वीची शाळा' या रकान्यात लिहिलं: जळाली.
केंद्रप्रमुख म्हणाले, असं लिहीत नाहीत हो.
मी खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोधूनं पहार मारली.
आमची पोरं रांगेत. ती नऊ कुठंच नाहीत.

सापडली केळीच्या बागेत, दीड तासानं,
पाटाच्या चिखलात पालथी,
धाकट्याच्या तोंडावर रेतलीचा तळवा
इतका घट्ट
की गालावर चार बोटं उठलेली.

त्या रात्री त्यांच्या पाड्यात कुणीतरी थाळी बडवली होती.
सुरमलनं हे आठवड्यानंतर सांगितलं,
पावरीत, आणि तेही शाळेच्या कुत्र्याला.
चौथीतल्या गिलदारनं मला मराठी करून दिलं.

तेव्हापासून घंटा बंद.
दोधू दारोदार जाऊन सांगतो, "भरनी रे शाळा."
"सुटनी रे."
तिसरीच्या दारात तर वाकून, कुजबुजल्यासारखं.

पालकसभेत हिरामणआप्पा उठले:
नऊ जणांपायी दोनशे पोरांची घंटा?
मला उत्तर सुचलं नाही.
विमलमावशीला सुचलं असतं,
पण सभेला तिला बोलावत नाहीत.

मुकादम येऊन गेला.
पोरं हलकी असतात, घडाला धक्का लागत नाही,
रोजचे शंभर देईन म्हणाला.
मग एक साहेब आले, कॅमेरावाला घेऊन.
आग कुणी लावली, तिलाच विचारू म्हणाले.
दोघांना मी एकच सांगितलं:
तिचा गणिताचा तास चालू आहे.
तास खेळाचा होता.
ती लंगडी घालत होती, आणि हरत होती,
आणि हरल्याबद्दल भांडत होती.

फाल्गुनात एका दुपारी डोंगराकडून ढोल आला, पुसट.
मी आधी तिच्याकडेच पाहिलं, बागेकडे पळते की काय.
तिनं पाटीवरून मान वर केली.
"नववा," म्हणाली. मराठीत.
नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
आठाचे नऊ केले.

काल शाळा सुटल्यावर सुरमल निंबाखाली एकटा.
रुळाला बोटाच्या पेरानं टक् केलं.
कान लावला.
परत टक्.

दोधू उठायला लागला. मी त्याची बाही धरली.
मग आम्ही दोघं निंबाकडे पाठ करून
अडकलेल्या पगाराबद्दल
बराच वेळ बोलत राहिलो.